वांगी-मिरचीची मर: रोपे लावण्याआधीच करायची कामे

सरदाचे (पावसाळी) भात कापून झाले की गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्यापासून ताळगाव-आगशीपर्यंत वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे मळ्यात उतरतात. जिवाणूजन्य मर हा रोग या पिकांना लागतो. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी माना टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि काही दिवसांत हिरव्या पानांसकट वाळते. तेव्हा फवारणी करून काही हाती लागत नाही, आणि याचे कारण जिवाणूच्या वागण्यात आहे.

रालस्टोनिया सोलानासिएरम हा जिवाणू ओल्या मातीत विरळ असताना कशाभिका (शेपटीसारखे बारीक तंतू) फिरवत पोहतो. मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत मुळापर्यंत येतो आणि जखमेतून किंवा उपमुळे फुटतात तिथल्या चिरेतून आत शिरतो. प्रत्येक जिवाणू स्निग्धाम्लाच्या मिथाइल एस्टरचा एक संकेत-रेणू सतत बाहेर सोडत असतो. मोकळ्या पाण्यात तो विरून जातो, पण खोडाच्या अरुंद जलवाहिन्यांत साचत राहतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण 1 कोटी जिवाणू जमले, की साचलेल्या संकेतामुळे ‘पीएचसीए’ हे नियामक प्रथिन कामाला लागते. मग जिवाणूंचे पोहणे मंदावते आणि ते बहुशर्करेचा, पेजेसारखा चिकट स्राव बनवू लागतात. तो जलवाहिन्या तुंबवतो आणि पाणी पानांपर्यंत पोहोचतच नाही. पानांवर मारलेले औषध या वाहिन्यांत पुरेशा प्रमाणात उतरत नाही. त्यामुळे प्रतिजैविकांवर पैसे घालवू नका. रोग हटत नाहीच, शिवाय त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात.

थांबवायचे तर जिवाणू पोहत असतानाच थांबवावे लागते. त्याला हालायला पाणी लागते, म्हणून गादीवाफे किमान 30 सेंटीमीटर उंच करा आणि पाणी ठिबकने द्या. पाटाचे पाणी एका रोगट झाडाकडून पूर्ण ओळीत जिवाणू पोहोचवते. वरच्या मळ्यात मर असेल तर तिथले पाणी खाली घेऊ नका.

दुसरी गोष्ट जखमांची. रोपे उपटू नका. ट्रेमधली रोपे मातीच्या गोळ्यासह लावा. लागवडीनंतर मुळांजवळ खोल खुरपणी टाळा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही जिवाणूला वाट करून देतात. त्यासाठी वाफ्यात दर चौरस मीटरला 100 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा.

लागवडीच्या दिवशी सुडोमोनास फ्लुरोसन्स या उपयुक्त जिवाणूची भुकटी 10 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात कालवून रोपांची मुळे अर्धा तास बुडवा. पाणी विहिरीचे घ्या, क्लोरीनचे नळपाणी नको. हे मित्रजिवाणू भरपूर संख्येने मुळांवर बसले तरच काम करतात, म्हणून मुदत संपलेली पुडी फुकट समजा. आपली जांभ्याची माती बहुधा आम्ल असते. चुना किती घालायचा ते माती परीक्षण करूनच ठरवा, लागवडीआधी दोन-तीन आठवडे घाला, आणि शेणखत किंवा युरियाबरोबर एकाच वेळी देऊ नका.

ज्या मळ्यात गेल्या वर्षी मर आली, तिथे बियाणे बदलणे हाच सर्वात भरवशाचा उपाय आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर-प्रतिकारक वांग्याचे वाण विकसित केले आहेत. टोमॅटोत अर्का रक्षक आणि मिरचीत उज्ज्वला हे प्रतिकारक वाण आहेत. आगशीच्या स्थानिक वांग्यासारखे जुने वाणच हवे असेल, तर रानवांग्याच्या खुंटावर कलम करा. मात्र कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. वरच्या भागाला मुळे फुटली की खुंटाचा फायदा गेला. अशा जागी वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा किंवा भुईमूग पुन्हा घेऊ नका. पाणथळ भात किंवा मका घ्या.

झाड मरगळले तर आधी ओळख पटवा. बुंध्याजवळचा 5 सेंटीमीटरचा तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, हात न हलवता, टांगून धरा. पाच मिनिटांत खालच्या टोकातून दुधाळ धागे सुटले तर ही जिवाणूजन्य मर. धागे नसतील आणि खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर बुरशीजन्य मर असू शकते. मिरचीचा बुंधा काळा पडला असेल तर तीही बुरशीसदृश रोगाची खूण आहे. नमुना घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा.

मेलेले झाड शेतात ठेवू नका. त्यातला चिकट स्राव मातीत मिसळतो, जिवाणू पुन्हा विरळ होतात, संकेत कमी पडतो आणि ते परत पोहू लागतात. म्हणून त्याच दिवशी झाड मुळांभोवतीच्या मातीसह कुदळीने काढून पिशवीत भरा, ओढत नेऊ नका, बाहेर वाळवून जाळा. ते कंपोस्टमध्ये टाकू नका. ठिबकची ती जागा बंद करा आणि त्या खड्ड्यात या हंगामात नवे रोप लावू नका. कुदळ, खुरपे 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवा, नंतर साध्या पाण्याने धुऊन तेल लावा. हे द्रावण युरिया किंवा आम्लाशी मिसळू नका, विषारी वायू सुटतो. निरोगी वाफ्यात काम आधी करा आणि रोगट वाफ्यात शेवटी जा.