मोबाइल नंबरची चौकट: आंबेवाल्यांनो, होमस्टेवाल्यांनो, या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साइट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. फोटो सुरेख असतात. बिघाड बहुतेक वेळा ऑर्डरच्या फॉर्ममध्ये, मोबाइल नंबरच्या चौकटीत सापडतो.

देवगडच्या एका बागायतदाराच्या पाच पेट्या ऐन एप्रिलात पुण्यात ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकल्या. गिऱ्हाइकांना फोनच लागेना. ‘नंबर अर्धेच आलेत ओ,’ तो म्हणाला. ज्याने साइट बनवली त्याने चौकटीला दहा अक्षरांची मर्यादा घातली होती. कॉन्टॅक्टमधून कॉपी केलेला नंबर कसा असतो? अधिकचं चिन्ह, ९१, मोकळी जागा, पाच अंक, पुन्हा मोकळी जागा, मग उरलेले पाच. दहाव्या अक्षराला कात्री लागली की नंबराचे पहिले पाच अंकच हातात राहतात, आणि ब्राउझर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तीन दिवसांनी पत्ते लागले तेव्हा आंबा उतरला होता. पाचही पेट्या त्याने पदरमोड करून पुन्हा पाठवल्या. वर्षभर राबून हाती येणारा माल असा जातो तेव्हा फार वाईट वाटतं.

मी मर्यादा घालतच नाही. येईल ते घ्यायचं, अंक सोडून बाकी सगळं गाळायचं, शेवटचे दहा ठेवायचे आणि ‘याच नंबरवर फोन करू’ म्हणून गिऱ्हाइकाला ते मोठ्या अक्षरात दाखवायचे.

दुसरी चूक हिचीच बहीण. मराठी कीबोर्डवरून माणूस ९८ असं देवनागरीत लिहितो आणि फॉर्म म्हणतो, ‘अवैध क्रमांक’. फॉर्म तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडच्या रेजेक्समधली, म्हणजे मजकूर ताडून बघायच्या नमुन्यातली, अंकांची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. गाळणी लावण्याआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या, नाहीतर गाळणीत तेच वाहून जातील. दहा ओळींचंही काम नाही. नेटवरून तपासणी उचलून चिकटवणाऱ्या नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो, याचा मला खरंच राग येतो. आणि ‘अवैध’ म्हणजे काय? ‘एक अंक कमी आहे’ असं सांगा.

चूक दाखवताना भरलेला फॉर्म कधीही रिकामा करू नका.

पावसात रेंज गेली की लोक ‘बुकिंग करा’ दोनदा दाबतात. पहिल्या स्पर्शालाच बटण बंद करून ‘पाठवत आहोत’ दाखवा. सर्व्हरवरही दुहेरी नोंद अडवा.

चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलीत तर आयफोनवर पान आपोआप मोठं होतं. चौकटीचं नाव चौकटीच्या आत नको, लिहायला लागलं की ते नाहीसं होतं. फिकट करडी अक्षरं दुपारी किनाऱ्यावर उभं राहून वाचून बघा. ओळींत जागा सोडा, वेलांट्या आणि रफार कापले जातात.

साइट सोपवण्याआधी मी मालकाच्याच फोनवरून दोन ऑर्डरी टाकतो: एक कॉन्टॅक्टमधला नंबर चिकटवून, दुसरी मराठी कीबोर्डवरून. दोन्ही नंबरांवर फोन लागला तरच पुढचं बोलणं.