पिकअपला जाडजूड बंपर बसवताय? या चुका टाळा

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की हरणं बिनधास्त रस्त्यावर येतात आणि टेक्सास-ओहायोतल्या पिकअपवाल्यांचा कंपनीच्या बंपरवरचा विश्वास उडतो. मग सुरू होते लोखंडी बंपरची शोधाशोध. बंपर जितका दणकट तितकं बरं, असं बहुतेकांना वाटतं. पण नंतर ज्या कटकटी होतात, त्या बंपर कमजोर निघाल्यामुळे फारशा होत नाहीत. होतात त्या बसवतानाच्या घाईमुळे. आणि सगळ्यात महागात पडते ती बंपर आणि बॉडीमधला गॅप न पाहता बोल्ट आवळण्याची घाई.

गॅप का सोडायचा?

एफ-१५०, टॅकोमा, सिल्व्हराडो या पिकअपमध्ये चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी आणि बॉडी वेगळी. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, बंपर मात्र थेट चेसिसला आवळलेला. खड्ड्यातून गाडी गेली की दोन्ही आपापल्या परीने हलतात. दुकानात उभ्या गाडीवर बंपर फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) अगदी चिकटून बसला की दिसतो झकास, पण पहिल्याच खराब रस्त्यावर तो फेंडरची कड चावायला लागतो. आधी रंगाचा टवका उडतो, मग पोचा येतो. एफ-१५०ची बॉडी २०१५च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे तर जास्तच जपा. रंग उडालेल्या ॲल्युमिनियमला लोखंड टेकलं आणि त्यावर हिवाळ्यातलं मिठाचं पाणी पडलं की रंगाखाली फोड यायला वेळ लागत नाही.

फेंडर आणि बंपरमध्ये साधारण १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा हवी. पुठ्ठ्याच्या घड्या करून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या खोचा, बंपर त्यांना टेकवा आणि मगच आवळायला घ्या. आवळताना बंपर हमखास एका बाजूला सरकतो, म्हणून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं आळीपाळीने करा. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरीकडे गेलात तर सगळं सोडून पुन्हा सुरुवात करायची तयारी ठेवा.

सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे. दोन-तीन आटे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. बोल्ट सुरुवातीलाच अडत असेल तर तो तिरका लागलाय. तिथे इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट आवळणारं यंत्र) लावली तर चेसिसमधल्या नटाचे आटे गेलेच म्हणून समजा. ब्रॅकेटचं भोक जुळत नाही म्हणून चेसिसला नवं भोक पाडणं किंवा वेल्डिंग मारणं तर अजिबात नको. भोक जुळत नसेल तर बहुतेक वेळा बंपरच दुसऱ्या मॉडेलचा आलेला असतो. एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत सेन्सर, टो हुक, इंटरकूलर वेगळे असू शकतात. ऑर्डर देताना नुसतं वर्ष सांगून भागत नाही.

खोक्यातून काढून थेट गाडीला

बिनरंगाचा बंपर मागवला असेल तर आधी गाडीला लावून बघा, मग उतरवून रंगवा. लोक उलटं करतात. पावडर कोटिंगवर पैसे घालतात आणि नंतर सेन्सरचं भोक घासून मोठं करत बसतात. रंगवलेल्या बंपरचीही भोकं आणि कडा तपासा. उघडं लोखंड दिसलं तर तिथे झिंक प्रायमर लावा. गंज तिथूनच सुरू होतो.

एक साधी गोष्ट: हे धूड ८०-९० किलोंचं असतं. दोघांनी उचलायचं म्हणजे एकाचा पाय किंवा बोट सापडणार. खाली फ्लोअर जॅक आणि त्यावर लाकडी फळी घ्या.

सेन्सर आणि वायरिंग

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगचे पुढचे सेन्सर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या सपोर्टवर किंवा चेसिसच्या टोकाजवळ असतात. ते जागचे हलवू नका, वाकवू नका. अडचण होते म्हणून कोणी सेन्सर काढून दुसरीकडे बांधा म्हणालं, तर त्या माणसाकडून गाडीचं काम करून घेऊ नका.

समोरच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलच्या रडारसमोर लोखंड चालत नाही. रडारसाठी वेगळं ब्रॅकेट देणारे बंपर मिळतात, पण जागा बदलली की कॅलिब्रेशन (रडारचा रोख पुन्हा जुळवणं) करून घ्यावंच लागतं. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे रडार सरळ बघतंय, असं नाही.

पार्किंग सेन्सर समोर काही नसताना टीं-टीं करत राहिले तर सेन्सरला दोष देण्याआधी त्याची बैठक बघा. सेन्सर भोकात खूप आत गेलाय का, उलटा बसलाय का, त्याभोवतीची रबरी किंवा प्लास्टिकची रिंग निसटून तो थेट लोखंडाला टेकलाय का? त्यावर रंगाचा जाड थर चढलाय का? विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढायच्या, बंपरवरच्या यंत्राचा) हुक किंवा नंबर प्लेट मध्ये आली तरी हाच त्रास होतो.

वायर लोखंडाच्या कापलेल्या भोकातून नुसती ओढून नेऊ नका, तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच. विंचची जाड केबल फॉग लाइटच्या वायरिंगला जोडायची नसते. ती थेट बॅटरीवरून, मध्ये ब्रेकर टाकून घ्या.

वजनाचा हिशोब

जुना बंपर काढून नवा बंपर आणि विंच चढवल्यावर निव्वळ १०० किलो वाढले असं धरू. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही एक मीटर पुढे लटकतं. व्हीलबेस (दोन्ही ॲक्सलमधलं अंतर) साडेतीन मीटर असेल तर पुढच्या ॲक्सलवर १०० नव्हे, जवळपास १२९ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल २९ किलोंनी हलका होतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढच्या ॲक्सलची मर्यादा छापलेली असते, ती खरेदीआधी वाचा. डिझेल गाडीत इंजिनच एवढं जड की पुढे फारशी गुंजाईश उरत नाही. गाडी नाक खाली घालून चालायला लागली की लोक स्प्रिंग बदलतात. ते ठीक, पण त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख दोन्ही राहून जातं आणि समोरून येणारा शिव्या घालतो.

पुण्या-मुंबईत हायलक्स किंवा व्ही-क्रॉस बाळगणाऱ्यांनी हा सगळा खटाटोप करण्याआधी कायदा बघावा. बुल बार आणि क्रॅश गार्डवर (गाडीच्या नाकावर लावलेल्या लोखंडी चौकटींवर) कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं आहे आणि आधार आहे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा.

बसवल्यानंतर

इंजिन नेहमीपेक्षा गरम राहत असेल तर लाइट बार किंवा विंच रेडिएटरची हवा अडवतोय का बघा. ग्रिलमागे आपोआप उघडझाप करणारी शटर असतील तर त्यांचा कनेक्टर परत जोडलाय ना, तेही. खडखड ऐकू आली तर आधी शॅकल (गाडी ओढायचा दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) हाताने धरून हलवा. निम्म्या वेळा आवाज त्यांचाच असतो. नसेल तर ब्रॅकेटचे बोल्ट. नवे बोल्ट बसल्यावर थोडे सैल होतातच, म्हणून आठशे किलोमीटरच्या आसपास टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टवर मार्करने नटापर्यंत एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की कुठला सरकला ते रेंच न लावताच कळतं.