वहीतलं रजिस्टर डेटाबेसात घेण्याआधी

इंदुरातल्या आमच्या मंडळाचं सभासद-रजिस्टर गणपतीआधी नीट करायचं काम यंदाही माझ्याच गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी कुठे आपटलो ते आधी लिहून ठेवतो.

नाव, पत्ता, प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख ठरवणारा रकाना) सांगायला नको. बॅकअप घ्या.

वही उघडून प्रत्येक रकान्याला विचारा, हा रिकामा चालेल का? चालणार नसेल तर नॉट नल लावा, म्हणजे डेटाबेस तो रकाना रिकामा (नल) घेणारच नाही. सर्वांत आधी पावत्यांच्या टेबलातला सभासद क्रमांक! पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी ५०१ रुपये दिले होते. पावतीवर क्रमांकाच्या जागी पेन्सिलीनं 'पाहुणे' लिहिलेलं, मी ते रिकामं सोडलं. मग बाकीदारांची यादी 'नॉट इन' (ज्यांचा क्रमांक पावत्यांच्या यादीत नाही ते) लावून काढली, तर शून्य ओळी. कोषाध्यक्ष काका म्हणाले, "वा, सगळ्यांची वर्गणी आली!" मीही मान डोलावली. घोळ असा की यादीत एक जरी नल असला तरी न भरलेल्याबद्दल 'यादीत नाही' असं उत्तर येतच नाही, 'माहीत नाही' येतं, आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) फक्त 'खरं' ठरलेल्याच ओळी देतं. तेव्हा 'नॉट एक्झिस्ट्स' ('या सभासदाची एकही पावती नाही' ही अट) वापरा, पाहुण्यांच्या देणग्या वेगळ्या टेबलात ठेवा, आणि सभासद क्रमांक नॉट नल. नॉट नल!

जन्मतारीख माहीत नसेल तर १-१-१९०० ठोकू नका. पंच्याहत्तरीच्या सत्काराच्या यादीत नवी सूनबाई येते. तिथे नलच बरा.

लग्नाची तारीख जरा अवघड. अविवाहिताला ती लागूच नाही. काकूंची आहे, पण आपल्याला माहीत नाही. टेबलांच्या डेटाबेसची (रिलेशनल मॉडेलची) कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी १९९० च्या पुस्तकात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, एसक्यूएलमध्ये मात्र नल एकच. म्हणून विवाहांचं वेगळं टेबल करा: ओळच नाही म्हणजे विवाहाची नोंद नाही, ओळ आहे पण तारीख नल म्हणजे विचारायची राहिली.

'वर्गणी शून्याहून जास्त' ही चेकची (भरलेली किंमत तपासणारी) अट नलला अडवत नाही. सरासरी नल सोडून निघते. मोबाइलवर युनिक (एकच नंबर दोनदा नको) लावलंत तरी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस कितीही नल घेतात, एसक्यूएल सर्व्हर एकच. ऑरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल.

इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून करायची सूची) वगैरे नंतर बघू. पावत्यांतला सभासद क्रमांक नॉट नल केलात का?