वरच्या सा ला गळा आवळतोय?

नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीत सकाळी सातच्या गाण्याच्या क्लासला पोचलं की अंगाबरोबर गळाही आखडलेला असतो. लगेच तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, झेप घेऊ नका. आधी दोन-तीन मिनिटं ओठ सैल मिटून, लहान मुलं गाडी चालवतात तसं फुर्रर्र करत मध्य सा पासून प पर्यंत चढा-उतरा. (गोदावरीकाठी गंगाघाटावर केलंत तर लोक वळून बघतील, घरीच बरं.) ओठांची थरथर मध्येच थांबली, तर श्वास कमी पडलाय किंवा जोर जास्त लागलाय.

खरी गोम जिभेच्या मुळाशी असते. हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, स्वर लावा. चढताना तो भाग कडक झाला, तर जीभ बहुधा मागे ओढली जातेय. तिचं टोक खालच्या दातांना टेकवून तोच स्वर पुन्हा लावा. मला हे उमजायला महिना गेला. गुरुजी ‘आवाज सोड’ म्हणायचे आणि मी आणखी जोरात गायचो!

तरीही आवळत असेल तर पट्टी (ज्या सुराला आपला सा धरतो तो) उतरवा, पेटीच्या काळी दोनऐवजी काळी एक. त्यात कमीपणा नाही. घसा दुखायला लागला तर मात्र त्या दिवशीचा रियाज बंद.