स्लो कुकरमधलं हॉट चॉकलेट, नाताळच्या गर्दीसाठी

सहा कपांसाठी एक लिटर फुल क्रीम दूध, 40 ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, 150 ग्रॅम डार्क चॉकलेट, 70 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ.

गोव्याच्या दमट हवेत कोकोच्या गुठळ्या होतात, म्हणून ती आधी चाळा. मग साखर-मीठ मिसळून पाव कप गरम पाण्यात गुळगुळीत पेस्ट करा. कोरडी पावडर थेट थंड दुधात टाकली तर ती वर तरंगत राहते. पेस्ट आणि दूध कुकरमध्ये घाला, ‘लो’वर ठेवा. तासाभराने दूध चांगलं तापलं की बारीक चिरलेलं चॉकलेट घालून फेटा. मोठे तुकडे तळाशी बसून करपतात. आणखी तासभर, दर वीस मिनिटांनी कडा खरवडत ढवळा. उकळी नकोच. शेवटी जायफळ किसा. फोंड्याकडच्या कुळागरातलं (सुपारी-मसाल्यांच्या बागेतलं) मिळालं तर उत्तमच.

साखरेऐवजी माडाचा काळा गूळ हवा? चव झकास लागते, पण गरम दुधात गूळ घातला की दूध फाटू शकतं. कुकर बंद करून दहा मिनिटं थांबा, मगच किसलेला गूळ विरघळवा, आणि त्यानंतर पुन्हा तापवू नका.

गूळ घातला नसेल तर वाढताना ‘वॉर्म’वर दोन तास पुरे. साय धरली तर फेटून घ्या.