रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी मीटर बघा

व्हिडिओ किंवा ऑडिओ करणाऱ्या माणसानं सगळ्यात आधी एक वस्तू घ्यावी: प्लगमध्ये अडकवून युनिट मोजणारा छोटा मीटर. ऑनलाईन हजार रुपयांच्या आत मिळतो. तो नसला तर आपली वीज नेमकी कुठं जाते याचे फक्त अंदाज बांधत बसायचं, आणि माझे सगळे अंदाज चुकले होते.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात राहते. शेतकऱ्यांसाठी आणि बचत गटातल्या बायांसाठी आठवड्याला दोन ऑडिओ भाग आणि एक व्हिडिओ करते. सप्ताहाच्या दिवसांत आसपासच्या गावांतली कीर्तनं लाईव्ह दाखवायची कामंही घेते. आमच्या गच्चीवरून परळीच्या थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, चिमण्या दिसतात. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून थर्मलचे संच बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. गावात टँकरची वाट बघत उभं असताना पहिल्यांदा डोक्यात आलं, की आपण जी वीज जाळतो तिच्यात कोळसाही आहे आणि धरणाचं पाणीही आहे. देशाच्या ग्रीडची, म्हणजे सगळीकडून येणाऱ्या विजेच्या जाळ्याची, सरासरी धरली तर एका युनिटमागं सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळीकडं लागतो.

आता आठवडाभर मोजा. रोज झोपताना वहीत लिहा. मला वाटायचं, कॉम्प्युटरच सगळं खातो. मोजल्यावर कळलं, की हजार वॅटचे दोन हॅलोजन तासाला दोन युनिट घेतात आणि दीड टनाचा एसी दीड युनिटच्या आसपास. जुना डेस्कटॉप एडिटिंगच्या वेळी अडीचशे वॅट खायचा, तेच काम लॅपटॉपवर पन्नास वॅटमध्ये होतं. राउटर बिचारा दहाच वॅटचा, पण चोवीस तास चालू राहिला तर वर्षाला ८८ युनिट होतात. हॅलोजन काढून साठ-साठ वॅटचे दोन एलईडी पॅनल घेतले. दोन युनिटच्या जागी आता पाव युनिटही लागत नाही, खोली तापत नाही, आणि खोली तापली नाही की एसीची गरजही कमी होते.

एक गोष्ट मीटरवर दिसत नाही: गाडी. अंबाजोगाईहून परभणीला जाऊन यायचं म्हणजे १८० किलोमीटर. भाड्याची जीप लिटरला बारा किलोमीटर देते, म्हणजे पंधरा लिटर डिझेल, आणि लिटरमागं सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड धरला तर ४० किलो. तेवढ्यात ग्रीडची ५७ युनिटं येतात. मी दिवसाला सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस लॅपटॉपवर एडिटिंग करते, त्याची होतात साडेसात युनिटं. म्हणजे जीपची एक फेरी सात महिन्यांच्या एडिटिंगवर भारी पडते. म्हणून कुणी मला विचारलं की जुने ईमेल नि मेसेज पुसून पर्यावरण वाचतं का, तर मी सांगते, ते नंतर बघा, आधी फेऱ्या कमी करा. एका दिशेची कामं साठवून एकाच दिवशी उरका. एकट्याला जायचं असेल तर एसटीनं जा. बायांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, आणि कॅमेऱ्याची बॅग मांडीवर मावते.

त्याहून चांगलं म्हणजे न जाताच काम करणं. शेतकऱ्याला फोनवर रेकॉर्डिंग शिकवा. मी तीनच गोष्टी सांगते: दादा, वाऱ्याकडं पाठ करा, फोन आडवा धरा, आणि माईकच्या भोकावर पातळ रुमालाचा एक पदर ठेवा. तुरीवरची मर रोगाची लक्षणं दाखवायला त्यांचा फोन पुरेसा होतो. मी शेतावर गेले असते तर चित्र स्थिर आलं असतं, एवढाच काय तो फरक.

एसी नसलेली खोली

आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढं जातो, त्यामुळं रेकॉर्डिंगची खोली हा मोठा प्रश्न. मी सासूबाईंच्या जुन्या घरातली माळवदाची खोली घेतली. दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर. बाहेर आग ओकत असताना आत मडक्यातल्या पाण्यासारखा गारवा असतो, आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही आत फारसा ऐकू येत नाही. मात्र १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगडी माळवदांनी माणसं गाडली, हे आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. विसरूही नये. जुन्या घरात बसून काम करायचं असेल तर आधी भिंती आणि तुळया जाणत्या गवंड्याला दाखवा. फुगलेली भिंत असेल तर त्या खोलीचा नाद सोडा.

स्लॅबची खोली असेल तर गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या आणि सकाळी सहा ते नऊ याच वेळात रेकॉर्डिंग बसवा. एसी लावावाच लागला तर २४ वर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

आवाज घुमू नये म्हणून लोक थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवतात. दोन्हींचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि थर्माकोल पुढं उकिरड्यावर वर्षानुवर्षं पडून राहतो. वाकळ वापरा. पाच-सहा लुगड्यांच्या थरांची, हातानं दाट टाके घातलेली वाकळ आवाज असा पिते की विकतचा फोम मागं पडावा. एक बाज उभी करायची, तिच्यावर दुहेरी वाकळ टाकायची आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागं ठेवायची. माईक समोरच्या दिशेचा आवाज घेणारा असेल तर त्याला जे दिसतं ते आधी झाका, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. दुसरी वाकळ माईकच्या मागं हातभर अंतरावर दोरीवर टाकायची. ती भिंतीला चिकटवू नका, वीतभर पोकळी ठेवा. मग एक टाळी वाजवून बघा. टाळी वाजून जागीच थांबली पाहिजे, तिची शेपटी राहता कामा नये.

रेकॉर्डरला वापरून फेकायचे सेल घालू नका. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राईड सेल शेकडो वेळा चालतात. फक्त रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन सेलचा प्रकार बदला. नवे साधे सेल दीड व्होल्टचे आणि हे १.२ व्होल्टचे, त्यामुळं सेटिंग न बदलता वापरले की मशीन लवकरच ‘बॅटरी संपली’ दाखवतं आणि लोक म्हणतात सेल खराब आहेत.

कीर्तन लाईव्ह करताना

सप्ताहाच्या मंडपात खरा खर्च एलईडी वॉल आणि जनरेटर यांचा असतो. मंडपातली मोठी वॉल दोन-तीन किलोवॅट सहज घेते. जिथं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही महाराज डोळ्यांनी दिसतात, तिथं वॉल कशाला? मी मंडळाला हे स्पष्ट विचारते. बरेचदा उत्तर ‘शेजारच्या गावानं लावली होती’ एवढंच असतं.

पूर्वी आमच्या जुळवाजुळवीसाठी मंडळ तासभर आधी जनरेटर सुरू करायचं. पंधरा केव्हीएच्या मशीनवर आमचा लोड किती? दोन कॅमेरे, मिक्सर, लॅपटॉप, मोडेम मिळून मोजला तर दोनशे वॅट. मोठं मशीन एवढ्याशा लोडवर तासाला दीड-दोन लिटर डिझेल जाळतं, धूर ओकतं आणि स्वतःही खराब होतं. आता मी दीडशे अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी नेते. तिच्यात पावणेदोन युनिटं मावतात. तीन तासांच्या कीर्तनाला पाऊण युनिटही लागत नाही, म्हणजे बॅटरी निम्म्याच्या खालीही जात नाही. मागं बॅनर छापायचा तर फ्लेक्सऐवजी कापडी घ्या, पुढच्या वर्षीची तारीख वरून शिवता येते.

चित्राचा दर्जा हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा खटका. एका मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “ताई, फोर-के पाहिजे बरं का.” मी त्यांच्याच मोबाईलवर एकच तुकडा फोर-के (फार बारीक तपशिलाचं चित्र) आणि ७२० (त्याहून बरंच साधं) अशा दोन्ही प्रकारे लावला आणि कोणता कोणता ते विचारलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, “मग कमीचाच लावा.” ७२० ला चार एमबीपीएसनं (सेकंदाला किती डेटा वाहतो त्याचं हे माप) दोन तासांचं कीर्तन ३.६ जीबी होतं, ४८० ला दीड एमबीपीएसनं १.३५ जीबी. हा डेटा प्रत्येक बघणाऱ्यामागं वेगळा वाहतो. हजार लोकांनी बघितलं तर हजार पट.

आणि निम्मे लोक बघतच नसतात. आमच्या गल्लीतल्या आजी फोन उशाशी ठेवून डोळे मिटून ऐकतात, पोरं फोन खिशात घालून पाणी धरतात. त्यांच्यासाठी नुसता आवाज द्या. एकाच चॅनलचा, ६४ केबीपीएसचा आवाज कीर्तनाला आणि मृदंगाला चांगला पुरतो. दोन तासांचे होतात ५८ एमबी. यूट्यूबवरच टाकायचं असेल तर एकच स्थिर फोटो लावा. चित्र हलत नसलं की फाईल एकदम आटते. दुसऱ्या दिवशी फाईल ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, म्हणजे आवाज दाबला जात नाही.

इथं एक खरं सांगायला हवं. डेटा निम्मा केला म्हणून टॉवरची वीज लगेच निम्मी होत नाही, टॉवर चालूच असतो. पण संध्याकाळी सगळ्यांचा भार एकदम वाढतो म्हणूनच नवी यंत्रं बसवावी लागतात, आणि लाईट गेली की आपल्याकडचे कितीतरी टॉवर डिझेलवर जातात. बघणाऱ्याची बाजूही विसरू नका: मोठा टीव्ही मोबाईलच्या कितीतरी पट वीज घेतो.

रेडिओचं गणित वेगळं. एफएमचा ट्रान्समीटर एकानं ऐकलं काय नि लाखानं ऐकलं काय, तेवढीच वीज घेतो. आपल्या देशात सामुदायिक रेडिओला (गावातल्या लोकांनीच चालवलेल्या छोट्या केंद्राला) सर्वसाधारणपणे शंभर वॅटच्या प्रभावी ताकदीची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात आजूबाजूची गावं येतात. तुमच्या जवळ असं केंद्र किंवा आकाशवाणी असेल तर कार्यक्रम तिथं द्या, नुसत्या यूट्यूबवर अडकून राहू नका.

बॅटरी, सोलर, भंगार

माझी पहिली इन्व्हर्टर बॅटरी चौदा महिन्यांत मेली. चूक माझीच होती: मी तिच्यात बोअरचं पाणी घालत होते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते हंड्याच्या बुडाशी बघा, तेच प्लेटांवर बसतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, दर दोन महिन्यांनी पातळी बघा. दुसरी बॅटरी पाचव्या वर्षात आहे. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर शिसं वितळवलं की ते मातीत आणि लेकरांच्या रक्तात जातं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, आणि पैसेही कापून मिळतात.

घरच्या छतावर सोलर बसवायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला साठ हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिटं मिळतात. माझं एडिटिंग आता अकरा ते तीनमध्ये असतं, ऊन असेल तेव्हा.

फोन आणि कॅमेरा लवकर बदलू नका. फोनच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो तयार होतानाच झालेलं असतं, वापरताना कमी होतं. माझा फोन सहा वर्षांचा आहे, दोनदा बॅटरी बदलली.

काय पुसायचं, काय ठेवायचं

शंभर एमबीपीएसनं घेतलेलं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, आणि मग एकामागून एक हार्ड डिस्क विकत घ्याव्या लागतात. मी भाग प्रसिद्ध झाल्यावर पंधरा दिवसांनी कच्चं चित्रीकरण पुसते. पुसण्याआधी प्रत्येक फाईलला एकच प्रश्न: हे पुन्हा मिळेल का? सोयाबीनची पेरणी दरवर्षी मिळते. औषध फवारणीचं प्रात्यक्षिक मिळतं. ते जाऊ द्या.

जात्यावरच्या ओव्यांचं २०१७ चं एक रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. ४१ मिनिटं, एका चॅनलचं, २१७ एमबी. मध्येच जातं थांबतं, आजी पाणी पितात, “कुठवर आले गं मी?” असं विचारतात आणि पुढची ओवी धरतात. त्या आता नाहीत. ते रेकॉर्डिंग मी जसंच्या तसं ठेवलंय, थांबलेल्या जात्यासकट: एक प्रत माझ्या डिस्कवर, एक बहिणीकडं लातूरला, एक त्यांच्या नातीच्या पेनड्राईव्हवर. दर दिवाळीला तिन्ही लावून बघतो.