एमआयडीसीच्या शेजारी राहताय? रात्रीच्या वासाची वही अशी ठेवा

आम्ही डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी भागात राहतो. सासूबाईंना दमा आहे, मुलगा सहावीत. थंडी पडली की रात्री दोन-अडीचला जाग येते ती वासानेच, डोळे चुरचुरतात आणि बाहेरच्या खोलीत बघावं तर सासूबाई उठून बसलेल्या, हातात पंप. तारापूर, तळोजा, महाड, लोटे, कुठेही केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे रंग दिसला की सगळे धावतात. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, दोन्ही वेळा पेपर, टीव्ही सगळीकडे डोंबिवली. पण रात्रीचा गॅस फोटोत येत नाही. मी पहिल्या अर्जात काय लिहिलं होतं तर "रोज रात्री खूप उग्र वास येतो, कृपया कारवाई करावी". आता कळतं की या वाक्यावर कोणी काही करूच शकत नाही, किती वाजता, कुठून, कसला, काहीच नाही त्यात. आणि तपासणीला माणूस येणार सकाळी अकराला, तेव्हा हवा एकदम साफ. म्हणून वही.

साधी दोनशे पानी वही घ्या, पेन तिलाच दोरीने बांधून ठेवा कारण रात्री पेन सापडत नाही. वास आला की आधी घड्याळ बघून वेळ लिहायची. मग वारा बघायचा, आणि यासाठी काही लागत नाही, एक उदबत्ती लावून गच्चीत किंवा मोकळ्या गॅलरीत धरायची आणि मिनिटभर बघायचं धूर कुठे झुकतोय ते. धूर पश्चिमेला चालला असेल तर वास पूर्वेकडून येतोय. सोसायट्यांच्या मधे वारा वळतो म्हणून खालच्या मजल्यावर धरू नका, गच्चीच बरी. आता खरी गंमत अशी की हेच दोन-तीन वेगवेगळ्या सोसायट्यांतल्या लोकांनी त्याच रात्री त्याच वेळेला केलं आणि नकाशावर प्रत्येकाने आपल्या घरापासून वास येतोय त्या दिशेला रेघ मारली, तर रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथेच आसपास उगम असतो. एका रात्रीवर जाऊ नका, सात-आठ रात्रींच्या रेघा तिथेच जायला लागल्या की मग बोला.

वास कसला तेही लिहायचं, "घाण" लिहून उपयोग नाही. सडलेल्या अंड्यासारखा असेल तर बहुतेक हायड्रोजन सल्फाइड, सांडपाणी कुजलं की येतो तो. नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा, घशाला टोचणारा म्हणजे सल्फर डायऑक्साइड. नेलपॉलिश किंवा थिनरसारखा असेल तर सॉल्व्हंट, म्हणजे इतर रसायनं विरघळवायला वापरतात ते द्रव. नावाबद्दल खात्री नसेल तर नुसतं "नेलपॉलिशसारखा" लिहा, तपासणाऱ्याला तेवढं पुरतं. आणि एक फार महत्त्वाचं, अंड्याचा वास अचानक यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं समजू नका, या गॅसने नाक बधिर होतं. म्हणून वास संपल्याची वेळ लिहिताना बाहेरून आलेल्या कोणालातरी विचारा, आमच्याकडे नाइट शिफ्टवरून येणारे शेजारी हे काम करतात.

आता लोक म्हणतात एवढं कशाला, मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघायचा. बघा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं (सीपीसीबी) समीर ॲप चांगलंच आहे, पण आपल्याकडचा एक्यूआय धूळ, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया वगैरे आठ गोष्टींवर काढतात, त्यात सॉल्व्हंट नाहीत आणि अंड्याच्या वासाचा गॅसही नाही. शिवाय धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा, म्हणजे रात्रीचे दोन तास त्यात विरघळून जातात. आकडा ९० "समाधानकारक" आणि घरात सगळे खोकतायत असं होऊ शकतं. तरी वहीत तो आकडा पण लिहाच, नंतर कोणी "एक्यूआय तर ठीक होता" म्हटलं तर तुमच्याकडे दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतील.

घरात काय करायचं? कंपन्यांच्या बाजूच्या खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, एक्झॉस्ट फॅन बंद. वास ओसरला की उलट बाजूच्या खिडक्या उघडून पंखा लावायचा. एन-९५ मास्क धूळ अडवतो, गॅस नाही, त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना गॅलरीत बसवू नका. एअर प्युरिफायर घेणार असाल तर नुसत्या हेपा फिल्टरने (तो बारीक धूळ अडवतो) वास जात नाही, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाड थर आहे का ते विचारून घ्या. सकाळी झाडू न मारता ओलं फडकं फिरवा. आणि डोळ्यांतून पाणी, उलटी, श्वास कोंडणं असं एकदम सगळ्यांना व्हायला लागलं तर वही ठेवा बाजूला, ११२ लावा आणि वाऱ्याला आडवे चालत लांब जा, वाऱ्याबरोबर पळू नका.

दवाखान्यात गेलात तर केसपेपर जपून ठेवा, त्या तारखेची वहीतली नोंद आणि केसपेपर एकत्र लावला की अर्जाला वजन येतं.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (एमपीसीबी) प्रादेशिक कार्यालयाला, आमच्यासाठी ते कल्याणचं, प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि एमआयडीसीला. दहा ओळींच्या वर लिहू नका, खाली वहीतल्या नोंदींचा तक्ता, आणि मागणी एकच: या वेळेत, म्हणजे रात्री १ ते ४ मध्ये, तपासणी करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. महिन्याभरात काही झालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "काय कारवाई केली" असं मोघम विचारू नका, तपासणी अहवालाची प्रत, नमुन्याचा लॅब रिपोर्ट आणि कंपनीच्या संमतीपत्राची, म्हणजे बोर्डाने कंपनीला दिलेल्या परवानगीची, प्रत मागा. संमतीपत्र बोर्डाच्या वेबसाइटवर पण शोधता येतं, त्यात इंधन कुठलं, चिमणी किती मीटरची, कशातून काय किती सोडायची परवानगी आहे हे सगळं असतं, मला तर ते वाचेपर्यंत माहीतच नव्हतं की आपल्याला हे बघता येतं. त्यापुढे पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, खंडपीठ आहे, तिथे साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून तारखा लिहिलेल्या असणं किती गरजेचं ते बघा.

वहीची पानं फाडून कोणाला देऊ नका, कोणीही मागितली तरी. झेरॉक्स द्या, आणि दर महिन्याला सगळ्या पानांचे फोटो काढून सोसायटीतल्या आणखी दोघांकडे पाठवून ठेवा.